काचेच्या आतलं पांढरं

शनिवारी सकाळी चहाचं पातेलं गॅसवर चढवून उज्वला नेहमीसारखी खिडकीजवळच्या काचपेटीपाशी गेली, आणि पाण्याच्या वाटीच्या कडेला तिला पांढरं काहीतरी दिसलं. पिंजलेल्या कापसासारखा एक पुंजका, आणि त्याच्याभोवती ओल्या मातीवर रव्यासारखे कण सांडलेले. इथं रवा कुठून आला, असं मनात येईपर्यंत त्यातला एक कण हलला. मग दुसरा. मग तिच्या ध्यानात आलं की सगळंच हलतंय. पलीकडच्या कोपऱ्यात, खापराच्या तुकड्याखाली, तिची कोळीण बसली होती. तळहाताएवढी, करड्या-तपकिरी केसांची, आठही पाय अंगाशी ओढून घेतलेली. गेले कित्येक दिवस तिनं काही खाल्लं नव्हतं. आत सोडलेला नाकतोडा तिच्या अंगावरून चालत गेला तरी ती हलली नव्हती. हिला काहीतरी लागलंय, या विचारासरशी उज्वला काचेला नाक लावून बघत राहिली. मागं चहा उतू गेला, शेगडी विझली, आणि दारात दात घासत उभा असलेला तिचा नवरा म्हणाला, "काय झालं?"

"आत कायतरी झालंय. किडे दिसायलेत. बुरशीबी असंल."

वैजनाथ पुढं आला नाही. तो कधीच पेटीजवळ येत नसे. ब्रश तोंडातून काढून तो म्हणाला, "मग टाकून दे की. काय आहे ते बघत कशाला बसायचं? काढून टाकलं की मिटलं."

वाईट असं तो काही बोलला नव्हता. डब्यातला एखादा सडका बटाटा दाखवला असता तर असंच म्हणाला असता, आणि म्हणून झाल्यावर त्यानं स्वतःच गॅस पुन्हा पेटवला, फडकं घेऊन ओटाही पुसला. रेल्वेच्या ऑफिसात सगळे त्याला शांत स्वभावाचा माणूस म्हणत. दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोवर हात उचलणं नाही. उज्वलाच्या माहेरी कंधारला तर जावई म्हणजे देवमाणूस. पण 'काढून टाकलं की मिटलं' हे शब्द तिच्या कानात शिरले ते थेट खाली बेंबीखालच्या आडव्या व्रणापर्यंत गेले. तो व्रण आता दुखत नसे. तो फक्त तापे. पातेलं चिमट्यात धरून चहा गाळताना तिला वाटलं, हे असंच्या असं उचलून भिंतीवर मारावं. तिनं चहा गाळला. एक कप त्याला दिला, एक आतल्या खोलीत पलंगावर बसलेल्या सासूला दिला, आणि स्वतःचा ओट्यावर तसाच गार होऊ दिला.

दोन वर्षांपूर्वी पाळी थांबेनाशी झाली तेव्हा पोटात गाठ आहे असं कळलं. कसली गाठ, कुणाला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी पडद्यावर काळं-करडं काहीतरी दाखवलं, बोटानं गोल काढला आणि बोलले ते वैजनाथशी. ती तपासणीच्या टेबलावर, साडी वर गुंडाळलेली, पोटावर तो गार चिकट लेप, आणि तिच्या पोटाविषयी तिच्या डोक्यावरून बोलणं चाललेलं. गाठ तेवढी काढायची, असं तिला सांगितलं होतं. ती स्वतःच्या पायांनी चालत आत गेली. जाताना मुलीला, मंजुश्रीला, लातूरच्या हॉस्टेलवर फोन करून म्हणाली होती, काळजी करू नको, छोटंसं आहे. शुद्धीवर आली तेव्हा घसा कोरडा पडला होता आणि पोटावर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं वाटत होतं. खाटेशी वैजनाथ उभा होता. तो म्हणाला, "पिशवीच काढली. डॉक्टर म्हणले, पुन्हा कटकट नको. काढून टाकलं की मिटलं." त्याच्या मागं स्टुलावर त्याची आई, विठाबाई, डोक्यावर पदर घेऊन खाली बघत बसलेली. त्या खाली घातलेल्या मानेचा अर्थ उज्वलानं तिथंच, गुंगीतच लावून टाकला. हिनंच सांगितलं असणार. वंशाचा दिवा तर झाला नाही, आता सुनेचं दुखणं कशाला पोसायचं. टाके काढायला गेल्यावर डॉक्टर हसून म्हणाले होते, साधी गाठ निघाली, घाबरण्यासारखं काही नव्हतं, चांगलं झालं. ती म्हणाली, "साधी होती तर पिशवी कशाला काढली?" डॉक्टरांनी वैजनाथकडे पाहिलं. वैजनाथनं औषधाच्या पिशवीकडे पाहिलं. तिला आणखी मूल नको होतं. एकुलत्या मुलीचं करतानाच जीव मेटाकुटीला आला होता. प्रश्न मुलाचा नव्हताच. पण हे ती कुणाला सांगणार? शेजारणी म्हणत, सुटलीस बाई महिन्याच्या कटकटीतून. बहिणी म्हणत, एक पोरगी हाय की, देवाची कृपा. सगळ्यांना वाटे ती दुःखात आहे. ती दुःखात नव्हती. तिला राग आला होता, आणि त्या रागाला बसायला घरात एक पाटसुद्धा नव्हता.

विश्रांतीला म्हणून ती कंधारला वडलांकडे गेली तेव्हाची गोष्ट. सटवाजी, तिचे वडील, शेतातल्या जुन्या बांधाचे दगड काढून घेत होते. एका दगडाखालच्या बिळातून ही कोळीण बाहेर आली. गडी ओरडले, एकानं पायातली चप्पल काढली. उज्वला बाभळीखाली खाटेवर पडली होती. ती उठून कशी गेली ते तिलाच कळलं नाही. टाक्यांच्या व्रणाला ओढ बसली. "थांब," ती म्हणाली, "काय हाय ते तर बघू दे." कोळिणीनं पुढचे दोन पाय वर उचलले होते. पळत नव्हती. एवढी सगळी माणसं, हातात फावडी आणि चप्पल, आणि ही मूठभर जिवाची बाई पाय वर करून उभी. वडील म्हणाले, "मारू दे की, इखारी असंल." उज्वलानं बिस्किटांची रिकामी बरणी मागवली आणि पुठ्ठ्यानं तिला आत ढकललं. नांदेडला परत येताना ती बरणी तिच्या मांडीवर होती. मासे मरून रिकामी पडलेली काचपेटी घरात होतीच. तिनं रोपवाटिकेतून नारळाच्या शेंड्यांचा भुसा आणला, वर जाळी ठोकली. वैजनाथ म्हणाला, "डोकं फिरलंय का तुझं?" पण पहिल्यांदाच त्याच्या आवाजात थोडी भीती होती. ती भीती तिला आवडली. खरं म्हणजे तिनं कोळीण ठेवली ती त्या भीतीसाठीच. जीव लागला तो मागाहून, संध्याकाळी दिवे लागले की ती खापराखालून एकेक पाय मोजूनमापून बाहेर टाकत यायची, वाटीवर ओणवी होऊन पाणी प्यायची, तेव्हा.

चहा झाल्यावर उज्वलानं मोबाइलवर जवळून फोटो काढले आणि जेबा मॅडमना पाठवले. जेबा लातूरला मंजुश्रीच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. एमएस्सीला तिनं कोळ्यांवरच काम केलेलं. पालकसभेत ओळख झाली तेव्हा इतर आया मार्कांचं विचारत होत्या आणि उज्वलानं हळूच विचारलं होतं, मॅडम, कोळीण किती दिवस उपाशी राहती? जेबा एवढ्या मोठ्यानं हसली होती की सगळ्यांनी वळून पाहिलं.

लगेच फोन आला. "ताई, घाबरू नका आधी. पांढरा पुंजका बुरशीच आहे. खाल्लेल्या किड्याचं उरलंसुरलं राहिलं असेल, आणि हा भाद्रपदातला दमटपणा. चमच्यानं तेवढी माती उचलून काढा, पाणी कमी करा. पण ते कण काय आहेत ते फोटोत कळंना. नीट ऐका. तिच्या तोंडाशी बघा. पांढरं, चिकट, दह्यासारखं काही आहे का? असलं तर वाईट."

उज्वलानं टॉर्च धरला. कोळिणीचं तोंड खाली, दोन काळ्या दातांमध्ये. गुडघे टेकून, गाल फरशीला लावून तिनं खालून पाहिलं. आपला श्वास काचेवर धरतोय हे पाहून तो रोखून धरला. "न्हाई. स्वच्छ हाय."

"हौ, मग बरंय. आता सांधे. पायांच्या सांध्यात काही चिकटलंय?"

"तिथंबी न्हाई. सगळे मातीवरच."

"आता दोनच गोष्टी राहिल्या. एक माइट. शेतात लाल कोळी पडतो म्हणतो ना आपण, त्याच जातकुळीचे. ते गोल, हळू चालणारे, वाढले तर तिला त्रास देतात. नाहीतर स्प्रिंगटेल. ते लांबुळके, आणि डिवचलं की उडी मारतात. ते बिचारे बुरशी खाऊन राहतात, मित्रच आहेत तुमचे. ब्रशानं डिवचून बघा."

तिनं मंजुश्रीचा जुना रंगाचा ब्रश शोधला. डिवचलं. काही उडाले असं वाटलं, काही नाही असं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं होतं. तिला माहीत करून घ्यायचं होतं. टाकायचं की ठेवायचं ते नंतर. काय आहे ते आधी. एवढं साधं. एवढं साधं कुणाला का सुचलं नव्हतं? "उद्या मी येतच आहे सभेला," ती म्हणाली. "डबीत घालून आणते. तुमच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघू."

आतल्या खोलीतून विठाबाई म्हणाली, "कुनासंगं बोलायलीस गं एवढं?" उज्वला चमचा घेऊन बुरशीची माती उचलू लागली. सासूशी ती लागेल तेवढंच बोले. जेवण वाढलंय. गोळी घ्या. अंघोळीला पाणी काढलंय. दोन वर्षं हेच. म्हातारी बिचकून राही. कधी ताटातला लाडूचा तुकडा ठेवून म्हणे, तू खा माय. उज्वला तो उचलून कामवालीला देई.

रविवारी सकाळी निघताना तिनं वैजनाथला सांगितलं, पेटीला हात लावू नका. तो वर्तमानपत्रातून वर न बघता म्हणाला, "मी कशाला लावू?" लातूरच्या बसमधून लोहा गेलं, अहमदपूर गेलं. खिडकीबाहेर सोयाबीन पिवळं पडत चाललं होतं. पर्समधली डबी ती मधूनमधून चाचपून बघत होती आणि मनात भांडत होती. वैजनाथशी, डॉक्टरांशी, स्टुलावरच्या त्या खाली घातलेल्या मानेशी. एवढे दिवस भांडण तेच आणि वाक्यंही तीच, फक्त दर वेळी ती थोडी अधिक धारदार. तिला स्वतःचीच चीड येई. भांडायचं होतं तेव्हा ती औषधाच्या गुंगीत होती, आणि आता जागी होती तेव्हा भांडायला कुणी समोर नव्हतं, बसची खिडकी तेवढी होती.

सभा झाली. मंजुश्रीला बाहेर मैत्रिणींत सोडून जेबा तिला प्रयोगशाळेत घेऊन गेली. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, थेंबात डबीतला एक कण. जेबानं आधी स्वतः पाहिलं आणि बाजूला झाली. उज्वलानं डोळा लावला. आधी नुसता उजेड. मग त्या उजेडात एक लांबुळका, दुधी, सहा पायांचा जीव, डोक्यावर दोन मिशा, आणि शेपटीखाली दुमडून ठेवलेला चिमट्यासारखा काटा. तो काटा झटकन उघडला आणि जीव दिसेनासा झाला.

"उडाला!" ती ओरडली.

"स्प्रिंगटेल," जेबा म्हणाली. "काही करायचं नाही ताई. तुमची बुरशी तेच साफ करतील."

उज्वला हसायला लागली. हसू थांबेना. गाठ साधी होती. किडे साधे होते. काही करायचं नव्हतं. एवढ्याशा काचेतून कुणी दोन मिनिटं डोळा लावून बघितलं असतं तर. हसण्याचं रडणं व्हायच्या आत तिनं तोंड पुसलं.

"आणि खात नाही म्हणालात ना," जेबा सांगत होती, "पोट काळपट दिसायलंय फोटोत. मला वाटतं कात टाकणार ती. जाळ्याची चटई विणील आणि त्यावर उलटी पडंल, पाय वर. मेल्यासारखी. लोक तिथंच फसतात. हात लावायचा नाही, हलवायचं नाही. अंग लोण्यासारखं मऊ असतं तेव्हा. कळवा मला, टाकली की."

उज्वलानं तिथूनच घरी फोन लावला. "ऐका, ती उलटी पडली तर मेली नाही समजायचं. कात टाकणार हाय. तिला अजिबात हलवू नका. ऐकू आलं का?"

पलीकडं टीव्हीचा आवाज कमी झाला. मग वैजनाथ म्हणाला, "हो, हो. बघतो की. तू ये सावकाश."

त्या 'सावकाश'नं ती सुखावली होती. परतीच्या बसमध्ये ती भांडलीसुद्धा नाही. मंजुश्रीनं दिलेले पेरू खात, मऊ, नव्या केसांची, बिळातून पहिल्यांदा बाहेर आल्यासारखी कोळीण कशी दिसेल ते बघत ती नांदेडला आली. घराच्या जिन्यातच फिनेलचा वास आला.

काचपेटी गच्चीच्या कठड्याशी उलटी वाळत घातली होती. धुऊन लख्ख. तिच्या काचेत मावळतीचं ऊन होतं. वैजनाथ खुर्चीत बसला होता, समोर टीव्ही चालू. तो घाईनं म्हणाला, "मेलं होतं ते. सकाळीच. पाय वर करून पडलेलं. आई घाबरली. वास सुटला असता."

"मी फोन केला तेव्हा?"

"तेव्हा... तू प्रवासात उगा जीवाला लावून घेतलं असतंस."

"कुठं टाकली?"

त्यानं मागच्या मोकळ्या प्लॉटकडे बोट दाखवलं.

ती खाली गेली. एरंडाची झुडपं, विटांचे तुकडे, कुणीतरी टाकलेलं गादीचं पोट. भुश्याचा ढीग लगेच दिसला. त्यावर मुंग्यांची रांग होती. रांगेच्या टोकाला ती होती. पाठीचं टोपण उघडलं होतं. जुन्या कातीतून ती अर्धीअधिक बाहेर आली होती, पाय अजून आत अडकलेले, आणि नवं अंग इतकं फिकट, इतकं ओलं, की त्यात काही लपवायला जागाच नव्हती. म्हणजे इथं पडल्यावरही ती काम करत राहिली होती. फेकल्यावर, फिनेलच्या वासात, उन्हात. उज्वलानं मुंग्या फुंकल्या, बोटांनी वेचल्या, एकेक चिरडली. मग थांबली. मुंग्यांचा काय दोष. ती तिथंच विटेवर बसून राहिली आणि तिला एकदम जाणवलं की आपण थरथरतोय. थंडीनं थरथरावं तसं नाही. इंजिन सुरू राहिलं आणि गाडी हलली नाही की थरथरते तसं.

मागं चपला वाजल्या. विठाबाई आली होती. गुडघ्यांवर हात दाबत, झुडपं चुकवत. ही बाई जिना उतरत नसे.

"मेली का गं?" ती म्हणाली.

"तुम्हीच घाबरलात म्हणं," उज्वला म्हणाली. मान न वळवता. "तुमच्यामुळंच टाकली म्हणं."

"म्या?" म्हातारी उभीच होती. "म्या घाबरते, खोटं कशाला बोलू. पर म्या पाहिलं तिचं प्वाट हालत व्हतं. म्या म्हणलं, वैजनाथ, ते जितं हाय. तिला येऊ दे, तिचं हाय ते, तिला इचार. त्यानं बी वाकून पाहिलं. आन म्हणला, आई तू गप बस."

एरंडाच्या पानावरून काहीतरी उडालं. उज्वला वळली. सासूचं तोंड तिनं किती दिवसांनी नीट पाहिलं होतं? सुरकुत्यांतून पाणी वाट शोधत खाली येत होतं.

"तवाबी म्या असंच म्हणले व्हते," विठाबाई म्हणाली. "दवाखान्यात. डाक्टर बाहेर येऊन म्हणला, गाठ काढली, आता पिशवी ठिवायची का काढायची? ठिवली तरी चालंल, म्हणला. म्या म्हणलं, तिला उठू दे. बाईच्या जातीला इचारावं. वैजनाथ म्हणला, आई तू गप बस. आन सही केली. मी गप बसले माय. तुला सांगाया पायजे व्हतं. लेक हाय माझा, कसं सांगू. तू बोलंनाशी झालीस, तर वाटलं, बरंच हाय, माझ्यावर ढकललंय तर ढकलू दे."

दोन वर्षांचं भांडण, बसच्या खिडकीत घासून घासून धार लावलेली ती सगळी वाक्यं, ज्या मानेवर चालवली होती ती मान ही नव्हती. उज्वलाला म्हातारीचा राग आला, सांगितलं नाही म्हणून. मग स्वतःचा, विचारलं नाही म्हणून. मग हे दोन्ही बाजूला सरकले आणि मागं उरला तो एकच, मोठा, आणि पहिल्यांदा त्याला तोंड होतं. ठिवली तरी चालंल, असं डॉक्टर म्हणाला होता. आणि वैजनाथनं वाकून पाहिलं होतं.

तिनं सासूच्या कोपराला धरून जिना चढवला. पायरीपायरीला म्हातारी थांबत होती, तीही थांबत होती. वर वैजनाथनं टीव्ही बंद केला होता.

"तुम्ही पाहिलं होतं ती जिवंत आहे ते," उज्वला म्हणाली.

"अगं, एका किड्यासाठी—"

"आणि डॉक्टर म्हणाले होते, ठेवली तरी चालंल."

त्यानं आईकडे पाहिलं. विठाबाई या वेळी खाली बघत नव्हती. तो हळूहळू खुर्चीच्या कडेवर बसला. "मला भ्या वाटलं," तो म्हणाला. "माझ्या बहिणीला, अक्काला, असंच झालं होतं. तपासा, बघा, थांबा करत करत गेली ती. मला ते थांबणं सोसत न्हाई उज्वला. आत काय आहे ते माहीत नसलं की मला झोप येत न्हाई. काढून टाकलं की..." तो थांबला. पुढचा एक शब्द त्याला म्हणता आला नाही.

हे खरं होतं. तो खोटं बोलत नव्हता हे तिला दिसत होतं. एरवी तिला त्याची दया आली असती. ती वाट बघत उभी राहिली, येते का. आली नाही.

"भ्या वाटलं ते तुमचं," ती म्हणाली. "प्वाट माझं होतं."

फोन वाजला. जेबाचा संदेश होता. ताई, टाकली का कात? उज्वलानं 'मेली' असं लिहिलं. त्या शब्दाकडे पाहत राहिली. मग तो पुसला. लग्नाला अठरा वर्षं झाली, हळदीकुंकवाच्या उखाण्याखेरीज तिनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं, लिहायचा तर प्रश्नच आला नव्हता. आता ती एकेक अक्षर दाबत, मोठ्यानं म्हणत, त्याच्यासमोर लिहू लागली.

"मारली. वैजनाथनं."

आणि तिनं ते पाठवून दिलं.